पर्लमधील मॉड्यूल-मार्ग : एक चिकित्सा

सर्व्हरवर चालणाऱ्या वेब-स्क्रिप्टच्या चर्चेत मॉड्यूल कोठून आणावयाचे हा प्रश्न बहुधा किरकोळ मानला जातो. वस्तुतः स्क्रिप्ट कोणाचा कोड स्वतःचा म्हणून स्वीकारते, याचा निर्णय येथेच होतो. प्रस्तुत लेखात पर्ल भाषेच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. सीजीआय स्क्रिप्टच्या लेखनात नव्वदच्या दशकात पर्ल अग्रभागी होती.

'यूज' हे विधान येताच पर्ल 'आयएनसी' नावाच्या यादीतील फोल्डर क्रमाने पाहते आणि त्या नावाची पहिली फाइल मिळताच शोध थांबवते. हे विधान संकलनाच्या वेळीच अमलात येते. त्यामुळे यादीत नवे फोल्डर घालणारी साधी ओळ 'यूज'च्या वर लिहिली, तरी तिची पाळी नंतर येते. नवख्यांची हमखास फसगत येथे होते. 'यूज लिब' हा त्यावरील रूढ उपाय होय.

मात्र 'यूज लिब'मध्ये संपूर्ण मार्ग लिहिल्यास सर्व्हर बदलताच स्क्रिप्ट अडते. म्हणून स्क्रिप्टचे स्वतःचे फोल्डर शोधून देणारे 'फाइंडबिन' मॉड्यूल लोकप्रिय झाले. सीजीआयमध्ये प्रत्येक विनंतीला नवी प्रक्रिया सुरू होत असल्याने ते निर्वेध चालते. मॉड-पर्लमध्ये मात्र इंटरप्रिटर अपाचेच्या प्रक्रियेत टिकून राहतो. 'फाइंडबिन' आपले उत्तर एकदाच काढते आणि दुसऱ्या स्क्रिप्टला पहिलीचे फोल्डर मिळते. याहून गंभीर बाब नावांची. दोन उपयोजनांत 'सेटिंग्ज' नावाचे वेगवेगळे मॉड्यूल असेल, तर त्या प्रक्रियेत आधी आलेलेच दोघांना लागू होते. विनंती कोणत्या प्रक्रियेकडे गेली यावर निकाल ठरतो. तोच दुवा एकदा नीट चालतो, एकदा बिघडतो. असा दोष शोधताना कोड कितीही वाचला तरी हाती काही लागत नाही, कारण दोष कोडमध्ये नसतोच.

सर्वाधिक आक्षेपार्ह ठरते ते यादीच्या शेवटी असलेले टिंब, म्हणजेच चालू फोल्डर. ते शेवटी आहे म्हणून निरुपद्रवी, असा समज दीर्घकाळ होता. परंतु ऐच्छिक मॉड्यूल सर्व्हरवर बसवलेलेच नसेल, तर शोध शेवटच्या टिंबापर्यंत पोहोचतो. चालू फोल्डर कोणालाही लिहिता येणारे असल्यास तेथे पेरलेली परकी फाइल निमूटपणे चालवली जाते. 'सीव्हीई-२०१६-१२३८' या क्रमांकाने हा दोष २०१६ मध्ये नोंदला गेला व मे २०१७ मधील ५.२६ आवृत्तीत टिंब वगळले गेले. 'टेंट' पद्धतीत मात्र ते त्यापूर्वीच वगळलेले होते. म्हणजे भाषाकारांना धोका ठाऊक होता; संरक्षण तेवढे मागणाऱ्यालाच मिळत होते. ही उणीव तांत्रिक नव्हे, धोरणाची म्हणावी लागते.

शेजारच्या फाइलवर विसंबलेल्या अनेक जुन्या स्क्रिप्ट या बदलाने मोडल्या, हा आक्षेप खरा आहे. त्यांच्यासाठी जुने वर्तन परत आणणारे पर्यावरण-चल ठेवले गेले. त्याच्या नावातच 'अनसेफ' हा शब्द आहे, एवढा प्रामाणिकपणा मान्य करावा लागेल. तथापि, पहिली सापडलेली फाइल खरी मानण्याचा नियम आणि संपूर्ण प्रक्रियेला एकच यादी, या दोन्ही गोष्टी ५.२६ नंतरही कायम राहिल्या. 'लोकल-लिब' प्रत्येक उपयोजनाला वेगळे फोल्डर देते, पण ते फोल्डर अखेर त्याच यादीत जाते. नावांचा संघर्ष टाळावयाचा तर प्रत्येक उपयोजन स्वतंत्र प्रक्रियेत चालवावे लागते, आणि त्याची किंमत सर्व्हरच्या मेमरीत मोजावी लागते.