वाचलेली पुस्तके

दिवाळी तोंडावर आली की घराघरांत आवराआवर सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, गाद्या उन्हात पडतात आणि दारात रद्दीवाल्याचा काटा लागतो. त्या काट्यावर सर्वांत आधी काय चढते हे ज्याने लक्ष देऊन पाहिले असेल, त्याला मराठी वाङ्मयातली उतरंड कोणा प्राध्यापकाने समजावून सांगायला नको. ज्ञानेश्वरी कोणी देत नाही. शब्दकोश ठेवतात. जातात ती पातळ, पिवळ्या कागदाची पुस्तके. ज्यांच्या मुखपृष्ठावर एक पिस्तूल, एक काळी सावली आणि दचकून मागे पाहणारी एक सुंदर स्त्री असते.

आता मात्र एक गंमत झाली आहे. जी पुस्तके आपण वजनावर दिली, ती हौशी मंडळी नगावर विकत घेऊ लागली आहेत. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, नारायण धारपांच्या जुन्या आवृत्त्या, इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, यांचा शोध घेणारी माणसे रद्दीच्या दुकानांतून हिंडताना दिसतात. हौस चांगली आहे. पण ती नेमकी कशाची हौस आहे, हे एकदा तपासून पाहावे म्हणून हा लेखनप्रपंच.

या हौसेचे माहेर अमेरिका. तेथे विल्यम गेन्स नावाच्या प्रकाशकाने १९५० च्या सुमारास भयाच्या आणि गुन्ह्यांच्या चित्रकथा काढल्या. मुले त्यांवर तुटून पडली आणि थोरांची झोप उडाली. त्याआधीच, १९४८ साली, काही गावांत शाळकरी मुलांकडूनच चित्रकथांच्या होळ्या करविल्या गेल्या होत्या. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने ग्रंथ लिहून अशा चित्रकथांवर मुलांना बिघडविल्याचा आरोप ठेवला. त्याच वर्षी सिनेटच्या समितीपुढे गेन्सची जबानी झाली, आणि वर्ष सरण्यापूर्वी प्रकाशकांनी स्वतःच एक कडक आचारसंहिता स्वीकारून भयकथांचा गळा आवळला. त्या धुमाळीतून ज्या प्रती सुटल्या त्यांना आज सोन्याचा भाव आहे. तज्ज्ञ मंडळी प्रतीला दहापैकी गुण देतात, घडी पडली असेल तर गुण कापतात, आणि मग ती कायमची प्लास्टिकच्या पेटीत बंद करतात. पेटी फोडली की गुण गेले. म्हणजे पुस्तक सुरक्षित राहिले. फक्त ते आता कोणाला वाचता येत नाही.

आपल्याकडे असे काही घडले नाही. आपण ही पुस्तके जाळली नाहीत, समित्या नेमल्या नाहीत. आपण त्यांच्याकडे पाहिलेच नाही. जाळणारा निदान पुस्तकाला घाबरतो. रद्दीत घालणारा तेवढाही मान देत नाही.

आणि आपल्याकडे भयाच्या चित्रकथा होत्याच कोठे? इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाले आणि १९९० साली बंद पडले. त्यात वेताळ होता, जादूगार मँड्रेक होता, पुढे बहादूर आला. पण वेताळाच्या नावातच काय ते भय. तो बिचारा जंगलचा सज्जन कोतवाल. आपली खरी भय-चित्रकथा एकाच चित्राची असे, आणि ते चित्र मुखपृष्ठावर. रघुवीर मुळगावकरांसारखा चित्रकार तेथे आपला हात दाखवी. फवाऱ्याने रंग उडवून केलेली ती मऊ छाया, तो चंद्रप्रकाश, ते पाणीदार डोळे. देवादिकांच्या तसबिरींवर ज्याचा हात चालला, त्याच हाताने रहस्यकथांची मुखपृष्ठेही सजविली. आत सगळा मजकूरच. उरलेली चित्रे वाचकाने काढायची, आणि ती तो स्वतःच्या गावच्या रंगात काढी.

माझे गाव सास्तूर, धाराशिव जिल्ह्यातले. माझ्या वडिलांचे शिक्षण निजामी अमलात उर्दूतून झाले. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांना मराठी बोलता येत होते, पण वाचताना अडखळत. त्यांनी वाचनाचा सराव केला तो अर्नाळकरांवर. हे ते कोणाला सांगत नसत, कारण लाज वाटे. मला मात्र त्यात अर्नाळकरांच्या लेखनाचे मर्म दिसते. १९०६ ते १९९६ एवढे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या लेखकाने हजारावर पुस्तके लिहिली. त्यांचे कथानक पातळ असते, योगायोग हाकेच्या अंतरावर उभा असतो, इंग्रजी पुस्तकांचे ऋण बरेचसे अबोल असते. हे दोष नाकारण्यात अर्थ नाही. पण वाक्य सोपे, संवाद भरपूर, आणि पान उलटण्याची ओढ अशी की अडखळणारा वाचक अडखळणे विसरतो. साक्षर झालेल्या माणसाला वाचक करणे हे लहान काम नव्हे. ज्या उंच वाङ्मयाने या पुस्तकांना दारात उभे केले नाही, त्याचे कितीतरी वाचक याच दारातून आत आले.

त्यांच्या कथेतला न्यायही साधा. झुंजार आणि काळा पहाड कायद्याच्या कुंपणाबाहेर राहून दुष्टांना शासन करणार. धनंजय आणि त्याचा छोटू बुद्धीने गुन्हेगार हुडकणार. प्रत्येक अनर्थामागे कोणाचा तरी हात असतो आणि शेवटच्या पानापर्यंत तो सापडतो, असे हे आश्वासन आहे. धारपांचे आश्वासन निराळे. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून 'लुचाई' लिहिताना किंवा स्वतःच्या कल्पनेने कथा रचताना त्यांनी भय पुष्कळदा एखाद्या घरात आणून बसविले. ओळखीचे घर अनोळखी होत जाते, ही त्यांची खरी करामत. भाषेचा संयम आणि भय हळूहळू वाढविण्याची हातोटी या बाबतींत ते अर्नाळकरांच्या कितीतरी पुढे आहेत. पण त्यांच्या अनेक कथांत शेवटी 'समर्थ' येतात, आणि जे माणसाच्या आवाक्याबाहेरचे ते त्यांच्या शक्तीपुढे हटते.

आम्ही चार मित्र ही पुस्तके उमरग्याहून आणीत असू. एका दुकानदाराकडे ती दिवसाच्या भाड्याने मिळत. एकदा झुंजारचे एक पुस्तक आले, त्याला वेष्टन नव्हते आणि शेवटची आठ पानेही नव्हती. गुन्हेगार कोण ते कळेना. तेव्हा चौघांनी चार शेवट रचले आणि आमच्या माळवदावर बसून एकेका रात्री एकेकाने सांगितले. ते पुस्तक परत गेलेच नाही. आमच्या घरात, जाड दगडी भिंतीतल्या कोनाड्यात, बाकीच्या तीसपस्तीस पुस्तकांबरोबर ते राहिले.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून आठदहा हजार माणसे गेली. आमच्या चौघांतले दोघे गेले. त्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या, त्यांवर माळवदाचे ओझे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी उन्हापासून राखले त्यांनीच झोपलेल्या माणसांवर अंग टाकले. पुढे गाव नव्या जागी वसले. कोनाड्यातले एकही पुस्तक निघाले नाही, आणि पुस्तके शोधण्याचे ते दिवसही नव्हते.

त्यानंतर कित्येक वर्षे मला रहस्यकथा वाचवेना. यामागे कोणाचा हात होता, हा प्रश्न गावात जो तो विचारीत होता, आणि उत्तर म्हणून कोणी पाप सांगे, कोणी धरण. अभियंते सांगत की घरांची बांधणीच घात करून गेली. ते खरे होते. पण त्यात कोणाला पकडून नेता येत नव्हते. समर्थही आले नव्हते. ओळखीचे घर वैरी झाले, एवढे धारपांचे खरे ठरले. मला ही पुस्तके खोटी वाटू लागली.

ती खोटी नव्हती, हे पुढे उमगले. जग असे आहे, असे त्यांनी कधी सांगितले नव्हते. एका रात्रीपुरते जग सुसंगत करून दाखवावे, म्हणजे वाचणारा निजेल आणि सकाळी कामाला लागेल, एवढेच त्यांचे व्रत होते. मोठे वाङ्मय याहून अधिक करते. पण हे करणारेही कोणी लागते.

पुण्याला आप्पा बळवंत चौकात, काही वर्षांपूर्वी, जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला तेच पुस्तक सापडले. पहिल्याच पानावरून ओळख पटली. प्रत पूर्ण होती, वेष्टनासह. शेजारी उभे असलेले एक संग्राहक म्हणाले, "नशीबवान आहात. कोरी आहे. कोणी उघडलेलीसुद्धा दिसत नाही." घरी आणून मी शेवटची आठ पाने वाचली. शेवट बेताचा होता. आमच्या चारांतले तीन शेवट त्याहून सरस होते, असे मी समीक्षक म्हणून, भीड न धरता, सांगतो.

मराठीत वाचणे या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. अमेरिकेतल्या पेटीबंद प्रती वाचल्या आहेत, पण वाचल्या जात नाहीत. आमची कोनाड्यातली पुस्तके इतकी वाचली की त्यांची शिवण सुटली, आणि अखेर ती वाचली नाहीत. संग्राहकाने कोणता अर्थ जपायचा? माझे म्हणणे असे की, कोऱ्या प्रतीला गुण देण्याची रीत आपण उचलू नये. ज्या पुस्तकावर तेलाचा डाग आहे, दुकानाचा शिक्का आहे, कोपऱ्यात कोणा मुलाने पेन्सिलीने 'खुनी हाच' असे लिहून पुढच्या वाचकाचा घात केला आहे, ती प्रत अव्वल. तिच्यात लेखकही आहे आणि त्याचा वाचकही. जपावीत ती अशी, आणि जपून कपाटात कुलूप न लावता शेजारच्या मुलाला द्यावीत.

या दिवाळीत काटा दारात लागण्यापूर्वी तो पातळ पुस्तकांचा गठ्ठा एकदा सोडून पाहा. शेवटची पाने नसतील, तर घरातल्या मुलांना बोलवा आणि त्यांना शेवट विचारा. माझी ती कोरी प्रत मी आमच्यातल्या उरलेल्या मित्राला सास्तूरला पाठविली. त्याने उत्तर लिहिले : 'शेवट वाचला नाही. ती आठ पाने मुलाला फाडायला लावली. आता तो सांगेल.'