तीनशे तेरा दिवसांची शिक्षा

न्यायालयाची पायरी चढणाऱ्याला न्यायच हवा असतो, असे आपण गृहीत धरतो. काही वादींना मात्र निकालाची ओढ नसते. प्रतिवादी दमून गप्प बसला की त्यांचे काम झाले. अशा दाव्याचे अंतरंग पाहावयाचे असेल, तर फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांचा ‘मॅकलायबेल’ हा अनुबोधपट वाचकांनी अवश्य पाहावा, असे आम्हांला वाटते.

कथा सत्य आहे. ‘लंडन ग्रीनपीस’ या छोट्या गटाने १९८६ साली मॅकडॉनल्ड्स कंपनीवर टीका करणारे पत्रक काढले. १९९० साली कंपनीने पाच जणांवर बदनामीचा दावा लावला. तिघांनी माफी मागितली. हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस यांनी ती नाकारली. बदनामीच्या खटल्यात तेव्हा इंग्लंडमध्ये सरकारी कायदेसाहाय्य मिळत नसे. परिणामी, काही वकिलांच्या विनामूल्य मदतीवर या दोघांनी स्वतःच बाजू मांडली. १९९४ च्या जूनमध्ये सुरू झालेली सुनावणी ३१३ दिवस चालली. पुराव्यादाखल सुमारे ४०,००० पाने सादर झाली.

न्यायालयात कॅमेऱ्याला मज्जाव होता. ही उणीव केन लोच यांनी दिग्दर्शित केलेल्या नाट्यप्रसंगांनी भरून काढली आहे, आणि ती चित्रपटाची मोठी जमेची बाजू होय. एरवी दप्तरात पडून राहिली असती अशी उलटतपासणी त्यामुळे प्रेक्षकांपर्यंत पोहोचते.

१९९७ साली न्यायमूर्ती बेल यांनी निकाल दिला. जाहिरातींतून मुलांचा गैरफायदा घेणे, प्राण्यांच्या छळाची जबाबदारी आणि अल्प वेतन हे आरोप खरे ठरले. अन्य अनेक महत्त्वाचे आरोप सिद्ध झाले नाहीत. ६०,००० पौंडांची भरपाई ठरली; १९९९ साली अपिलात ती कमी झाली. पुढे २००५ साली मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने म्हटले, की कायदेसाहाय्य नाकारल्याने या दोघांना न्याय्य सुनावणी मिळाली नाही आणि त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाही भंग झाला.

येथेच आमची तक्रार सुरू होते. दाविद आणि गल्याथ यांची ही नवी लढाई पाहून प्रेक्षक समाधानाने उठतो. पण चित्रपटाचे लक्ष झुंजणाऱ्या दोघांवर आहे. माफी मागणारे तिघे कडेलाच राहतात. वस्तुतः अशा दाव्यांचे खरे यश त्या तिघांतच दिसते. सर्वांनाच आयुष्याची इतकी वर्षे न्यायालयाला देता येत नाहीत, आणि तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे.

जॉर्ज प्रिंग आणि पेनेलोपी कनान या अमेरिकन अभ्यासकांनी अशा दाव्यांना ‘स्लॅप’ हे नाव दिले. त्यांना आवर घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा १९९२ सालचा. सार्वजनिक प्रश्नावर बोलणाऱ्यावर दावा झाला, तर त्यात तथ्य असल्याचे वादीने आरंभीच दाखवावे लागते. न दाखवल्यास दावा निकालात निघतो आणि प्रतिवादीच्या वकिलाचा खर्च वादीवर पडतो. युरोपीय संघानेही २०२४ साली याच दिशेचा निर्देश संमत केला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. तथापि २०२४ सालीच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, वृत्तसंस्थेवरील मनाईहुकूम रद्द करताना, या प्रकारच्या दाव्यांविषयी सावध केले.

सत्कीर्ती हेही माणसाचे धन आहे. खोट्या आरोपाविरुद्ध दाद मागण्याची वाट बंद होता कामा नये. आणि पत्रकातील काही आरोप टिकले नाहीत, हे लक्षात घेता असा कायदा असता तरी हा संपूर्ण दावा आरंभीच फेटाळला गेला असता, असे म्हणवत नाही. म्हणून नुसती चाळणी पुरेशी नाही. चाळणीतून जे दावे उरतील, त्यांत दुर्बळ पक्षालाही वकील मिळाला पाहिजे. चित्रपट आपल्याला धैर्याचे कौतुक करावयास शिकवतो. कायद्याचे काम त्याहून साधे आहे: सामान्य माणसाला बोलण्यासाठी असामान्य धैर्याची गरज पडू नये.