तबकडीची दुसरी बाजू

विनोद ज्या सत्तेवर उगारलेला असतो ती सत्ता ओसरली की विनोदही निष्प्रभ होतो, असे सामान्यतः मानले जाते. वृत्तपत्रीय व्यंगचित्रांच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही आहे. अमेरिकेतील प्रतिसंस्कृतीने १९६० नंतरच्या दीड दशकात निर्माण केलेल्या विनोदी ध्वनिमुद्रिकांना मात्र हा नियम सरसकट लागू पडत नाही. निक्सन १९७४ साली पायउतार झाले, व्हिएतनामचे युद्ध १९७५ साली संपले, ज्या गांजाच्या नुसत्या उल्लेखाने त्या काळी हशा पिकत असे तो पुढे अनेक राज्यांत कायदेशीर झाला. तरीही यांतील काही तबकड्या आजही ऐकल्या जातात आणि पुन्हा पुन्हा ऐकल्या जातात. सगळ्याच नव्हेत. कोणत्या टिकल्या व का, हे पाहू गेल्यास त्यांच्या बंडखोर आशयापेक्षा त्यांच्या घाटाकडे वळावे लागते.

जॉर्ज कार्लिनच्या ‘क्लास क्लाउन’ (१९७२) या ध्वनिमुद्रिकेत दूरचित्रवाणीवर उच्चारता न येणाऱ्या सात शब्दांविषयीचे प्रसिद्ध स्वगत आहे. त्याच विषयाचा विस्तार त्याने ‘ऑक्युपेशन : फूल’ (१९७३) मध्ये केला. पॅसिफिका या संस्थेच्या न्यूयॉर्कमधील नभोवाणी केंद्राने १९७३ साली भर दुपारी तो प्रक्षेपित केला, एका श्रोत्याने तक्रार केली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७८ साली पाच विरुद्ध चार अशा बहुमताने निकाल केंद्राच्या विरोधात लागला. या निकालपत्राला संपूर्ण स्वगताची लेखी प्रत परिशिष्ट म्हणून जोडलेली आहे, आणि श्रोते जिथे जिथे हसले तिथे कंसात ‘हशा’ अशी नोंद आहे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने आधी ते परिशिष्ट वाचावे आणि मग तबकडी ऐकावी. शब्द तेच आहेत, पण परिशिष्टात कार्लिन नाही. तो एकेक शब्द तळहातावर घेऊन तोलतो, त्याचे नाम करतो, क्रियापद करतो, त्याला सभ्य शब्दाशेजारी बसवून पाहतो. मध्येच क्षणभर थांबतो, आणि त्या थांबण्यातच निम्मा अर्थ असतो. हा आनंद वैयाकरणाचा आहे. ते शब्द आता चित्रपटांत सर्रास ऐकू येतात, त्यामुळे धक्का उरलेला नाही. उरले आहे ते भाषेकडे पाहण्याचे कुतूहल, आणि त्याला मुदत नाही.

चीच आणि चाँग या जोडीचे भाग्य वेगळे. त्यांच्या १९७१ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील ‘डेव्ह’ हे छोटे प्रहसन अजून ताजे वाटते. दाराबाहेर पोलिसांच्या भीतीने घाबरलेला डेव्ह ‘दार उघड’ म्हणतो आहे, आणि आतला गुंगीतला मित्र ‘डेव्ह घरी नाही’ हेच पुन्हा पुन्हा सांगतो आहे. एक दार, दोन आवाज आणि पुनरुक्तीची लय, एवढ्यावर ते उभे आहे. या जोडीचे बाकीचे बरेचसे काम मात्र जाणकारांनी एकमेकांना केलेल्या डोळ्यांच्या खुणांवर विसंबून आहे. खुणेमागचे गुपित उघडे पडल्यावर त्याला दस्तऐवजाचेच मूल्य राहिले.

या सर्वांत अभ्यासकाला अधिक काळ गुंतवून ठेवतो तो ‘फायरसाइन थिएटर’ हा चौघांचा संच : पीटर बर्गमन, फिलिप प्रॉक्टर, फिल ऑस्टिन आणि डेव्हिड ऑसमन. पॅसिफिकाच्याच लॉस एंजेलिस केंद्रावर १९६६ साली तो जमला. चौघांच्याही राशी अग्नितत्त्वाच्या, म्हणून हे नाव. प्रेक्षकांसमोर सादर झालेला प्रयोग टिपून घेणे, ही विनोदी ध्वनिमुद्रिकेची रूढ रीत या संचाने आपल्या प्रमुख तबकड्यांत बाजूला ठेवली. तेथे प्रेक्षक नाही, म्हणून हशाही नाही. कोठे हसावे हे श्रोत्यानेच ठरवायचे. आवाजांवर आवाज, त्याखाली दूरवर चाललेला तिसराच कार्यक्रम, अशा थरांनी ही ध्वनिरचना विणलेली असते. संस्कृत साहित्यशास्त्राने काव्याचे दृश्य आणि श्राव्य असे भेद केले. ही रचना दृश्याची सारी सामग्री श्राव्यात ओतते, आणि पहिल्या श्रवणात तिचा जेमतेम अर्धा भाग हाती लागतो.

‘डोन्ट क्रश दॅट ड्वॉर्फ, हँड मी द प्लायर्स’ (१९७०) ही त्यांची सर्वश्रेष्ठ कृती. जॉर्ज टायरबायटर नावाचा म्हातारा रात्री दूरचित्रवाणीसमोर बसून वाहिन्या बदलतो आहे. एकीकडे शाळकरी मुलांचा गोडगुलाबी जुना चित्रपट, दुसरीकडे कोरियातील युद्धपट, मध्ये धर्मोपदेशक आणि जाहिराती. हळूहळू कळते की दोन्ही चित्रपटांत तोच आहे. वाहिन्या बदलण्याची ही कृतीच कथानकाची बांधणी होते. शाळकरी उत्साहाचीच दुसरी वाहिनी म्हणजे युद्ध, ही त्या काळावरची सर्वांत कठोर टीका एकही घोषणा न देता येथे केली जाते. निषेधगीतांच्या तुलनेत ही तबकडी कमी शिळी झाली, त्याचे कारण येथे आहे : तिने सत्तेच्या आज्ञेऐवजी सत्तेचा आवाज पकडला. ‘आय थिंक वी आर ऑल बोझोज ऑन धिस बस’ (१९७१) मधील यांत्रिक राष्ट्राध्यक्ष जत्रेतल्या प्रत्येकाला, प्रश्न काहीही असो, तेच मधाळ उत्तर देतो. आजच्या श्रोत्याला तो अधिकच ओळखीचा वाटेल. या दोन्ही कृतींना विज्ञानकथेच्या ह्यूगो पुरस्कारासाठी नामांकने मिळाली होती.

एका तबकडीचा धागा दुसरीत निघतो, हेही पुनःश्रवणाचे एक कारण. टायरबायटर पिझ्झा मागवायला दूरध्वनी करतो. १९६९ च्या तबकडीतील गुप्तहेर निक डेंजरला आलेला गूढ दूरध्वनी तो हाच. एक वर्ष आधी अर्धवट ऐकलेल्या संभाषणाचे दुसरे टोक श्रोत्याला असे अवचित सापडते.

दोष नाहीत असे नव्हे. जुन्या अमेरिकन श्रुतिकांचा आणि जाहिरातींचा परिचय नसेल तर कित्येक कोट्या मुक्याच राहतात. शिवाय सर्व सत्तांची टवाळी करणाऱ्या या बंडात स्त्रीपात्रे बहुधा पुरुषांनीच किनऱ्या आवाजात रंगवली आहेत. राष्ट्राध्यक्षाचा आवाज ज्यांनी इतक्या बारकाईने ऐकला, त्यांना घरातला स्त्रीचा आवाज ऐकू आला नाही, ही उणीव काळाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

‘ड्वॉर्फ’ला लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत २००५ सालच्या निवडीत स्थान मिळाले. जतन झाले, पण वस्तू बदलली. निक डेंजरच्या प्रहसनात एका क्षणी पात्रांना शंका येते की हेच वाक्य आपण तबकडीच्या दुसऱ्या बाजूला बोललो होतो, आणि ते तपासून पाहण्याची भाषा होते. ज्याने सुई उचलून तबकडी उलटली आहे त्याला हे समजते. सीडीला दुसरी बाजू नाही. तेथे या विनोदासाठी तळटीप द्यावी लागते.