‘ययाति’ने केलेली निराशा आणि त्यातून निघणारा प्रश्न

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास विचारतात, हीच कादंबरी का घेतली? ‘आवडते म्हणून’ हे उत्तर फार काळ टिकत नाही. ‘निराशा झाली म्हणून’ हे टिकू शकतं, पण मग निराशा नेमकी कशाने झाली ते सांगता आलं पाहिजे.

मिरजगावसारख्या ठिकाणी बसून तयारी करत असाल तर संदर्भग्रंथांसाठी नगर गाठावं लागतं. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ मात्र शोधावी लागत नाही. १९५९ सालची ही कादंबरी, १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि १९७४ चं ज्ञानपीठ तिच्या नावावर. प्रेमाची कादंबरी म्हणून लोक ती आजही भेट देतात. मीही तशीच वाचायला घेतली.

शृंगार कमी की जास्त, ही माझी तक्रार नाही. रचना बघा. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली हकीकत स्वतः सांगतात. पौराणिक कथेतल्या दोन बायकांच्या तोंडी ‘मी’ देणं ही मोठीच गोष्ट, आणि त्यामुळेच आपली अपेक्षा वाढते. वाटतं, जवळीक या दोघींना कशी वाटली तेही आता कळेल. पण देवयानीचा ‘मी’ अहंकाराने भरून जातो आणि शर्मिष्ठेचा त्यागाने. शर्मिष्ठा सुखाबद्दल बोलत नाही असं नाही. ते सुख लगेच समर्पण होऊन बसतं, एवढंच. देहाची भूक खरी म्हणावी तर एकट्या ययातीला, आणि तिचा अर्थ ठरलेला: अधःपतन. म्हणजे बोलायला तिघं, पण देहाबद्दलचा निकाल एकाच्याच कहाणीवरून!

आता मूळ आदिपर्व काढा. तिथली शर्मिष्ठा स्वतः राजाकडे ऋतुदान मागते. वर वादही घालते, की मैत्रिणीचा पती तो आपलाही पतीच. पटो न पटो, ती मागते आणि युक्तिवाद करते. खांडेकरांनी तिला कोमल केलं, वाचकाचं प्रेम मिळवून दिलं, आणि त्या व्यवहारात तिचं मागणं मागे पडलं. माझ्या मते कादंबरीचं खरं नुकसान इथे आहे.

यावर ‘काळच तसा होता’ असं कुणीतरी म्हणणारच. तेव्हा दोन तारखा पुढे करा. र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ पर्यंत चालू होतं. विभावरी शिरूरकरांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ चा. म्हणजे बाईच्या इच्छेबद्दल मराठीत लिहिणं सुरू होऊन पंचवीस वर्षं उलटली होती. अर्थात कर्व्यांना त्यासाठी कोर्टात खेचलं गेलं, हेही विसरू नका. काळाचा मुद्दा अगदीच पोकळ नाही.

पण एवढ्यावर ‘खांडेकर प्रतिगामी’ असा निष्कर्ष काढू नका, मार्गदर्शक पहिल्याच वाचनात खोडतील. प्रश्न लहान करा: तीन निवेदक असूनही जवळिकीचा अर्थ एकच कसा राहतो? मग पेन्सिल घेऊन बसा आणि जवळिकीचा प्रत्येक प्रसंग कोण सांगतंय ते समासात लिहा. ‘मी’ कुठे ‘त्यांच्यासाठी’कडे वळतो, तिथे खूण करा. देवयानीच्या भागात या खुणा कमी पडतील असा माझा अंदाज आहे. तसं झालं, तर पहिलं प्रकरण तिथूनच सुरू करता येईल.