बालेवाडीचे क्रीडासंकुल : यजमानाविना मैदान

क्रीडांगणाचा इतिहास सांगताना उद्घाटनाचे वर्ष आणि तेथे भरलेल्या स्पर्धांची यादी देण्याची पद्धत रूढ आहे. पुण्याच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलाचा इतिहासही असाच सांगितला जातो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडी येथे ते उभे राहिले. आराखडा शशी प्रभू यांचा. पुढे २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा, २०१३ मध्ये आशियाई मैदानी स्पर्धा, २०१९ मध्ये खेलो इंडिया. पाहुण्यांची ही नामावली भरगच्च आहे. यजमान कोण, हे मात्र तीतून कळत नाही.

फुटबॉलच्या संदर्भात हा प्रश्न अधिक बोचतो. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि काही वर्षांतच विसर्जित झाला. २०१४ मध्ये आलेल्या एफसी पुणे सिटीने २०१७-१८ मध्ये इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी गाठली. २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. दोन्ही संघ भांडवलावर उभे होते, भांडवल आटताच गेले. यावरून ‘पुणेकरांना फुटबॉल नको’ असा निष्कर्ष काढला जातो, तो घाईचा आहे. पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेचे साखळी सामने शिवाजीनगरच्या एसएसपीएमएस मैदानावर होत आले आहेत. शहराचा फुटबॉल तेथे वाढला, बालेवाडीला तो परका राहिला.

याचे एक कारण वास्तूतच आहे. बहुउद्देशीय रचनेमुळे मैदानाभोवती धावमार्ग आहे आणि प्रेक्षक चेंडूपासून दूर पडतो. मैदानी स्पर्धांना हे आवश्यकच. पण फुटबॉलचा प्रेक्षक अंतर सहन करत नाही. शिवाय संकुल महामार्गालगत, जुन्या पेठांपासून दूर.

तुलनेसाठी कोल्हापूरचे राजर्षी शाहू स्टेडियम पाहावे. सुविधांत ते बालेवाडीच्या जवळपासही नाही. परंतु पाटाकडील, खंडोबा यांसारखी तालीम मंडळे तेथे खेळतात आणि त्यांच्यामागे त्यांच्या पेठा उभ्या असतात. संघ हरला तरी पेठ जागेवरच असते. (या निष्ठेतून हाणामाऱ्याही होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.)

स्पर्धेपुरत्या बांधलेल्या मैदानाची ही गत केवळ भारतीय नव्हे. नायजेरियात लागोसचे राष्ट्रीय स्टेडियम १९७३ च्या अखिल आफ्रिका स्पर्धांसाठी बांधले गेले. राजधानी अबुजाला गेली, तेथे नवे स्टेडियम झाले आणि लागोसचे मैदान दीर्घकाळ उपेक्षेत पडले. बालेवाडीची देखभाल त्या मानाने बरी. २०२२ च्या महिला आशियाई चषकाचा चीन-जपान उपांत्य सामना येथेच झाला. तथापि देखभाल आणि वापर या भिन्न गोष्टी होत. जिल्हा साखळीचे निवडक सामने या मैदानावर नेमाने ठेवणे हे शासनाच्या क्रीडा विभागाला अशक्य नाही. त्यासाठी नवे बांधकामही लागत नाही.