'असावा' आणि 'होता'

विद्वानांचं लेखन परक्या वाचकापर्यंत कसं पोचतं, हा आजचा विषय. शिरूर-दौंडच्या श्रोत्यांपुढे बोलताना उदाहरणासाठी लांब जायला नको. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती सापडली. ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी यांचा इंग्रजी अहवाल १९८८ साली निघाला.

अशा अहवालात एकजण खापरांवर लिहितो, दुसरा हाडांवर, तिसरा जळक्या धान्यावर. प्रत्येकजण आपल्याच शाखेच्या माणसाशी बोलतो. यात गैर काही नाही, अहवालाचं ते कामच आहे. पण बाकीच्यांनी काय वाचायचं?

म. के. ढवळीकरांनी हे ओळखलं. त्याच साली त्यांचं 'द फर्स्ट फार्मर्स ऑफ द डेक्कन' आलं, पुढे मराठीत 'महाराष्ट्राची कुळकथा' आलं. त्यांचं बळ असं की ते वाचकाला खापरांच्या वर्गवारीतून नेत नाहीत, जगण्यातून नेतात. लोक काय पिकवत? जव. धान्य कुठे ठेवत? जमिनीतल्या पेवात आणि कणगीत. पुढच्या काळात ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या का आल्या? पाऊस कमी झाला, शेती हटली, लोक गुराढोरांकडे वळले, असं त्यांचं उत्तर. आपल्या अवर्षणग्रस्त भागातल्या माणसाला हे उत्तर कळायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. इंग्रजी 'सायलो' वाचून जो शेतकरी थांबेल, तो 'पेव' म्हटल्याबरोबर आत येतो. इतकंच नव्हे, त्याच्या आजोबांनी पेव पाहिलेलं असेल, तर तो विद्वानालाच दोन गोष्टी सांगेल.

आता आमची तक्रार. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक घर मिळालं. शेजारी धान्यकोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष पुरलेला. इतर प्रौढांना पुरताना पावलं तोडलेली दिसतात, याची शाबूत होती. यावरून हा वस्तीचा मुखिया, आणि तो समाज मुखियाच्या सत्तेखालचा, असा ढवळीकरांचा निष्कर्ष.

निष्कर्ष भक्कम वाटतो. पण बघा, त्यात तीन पायऱ्या आहेत. घर मोठं, म्हणून मान मोठा. कोठार शेजारी, म्हणून त्यावर ताबा. पावलं शाबूत, म्हणून अधिकार. प्रत्येक पायरीला दुसरी वाट फुटते. तो भगत नसेल कशावरून? सगळ्यांचं धान्य राखणारा कुणी जाणता नसेल कशावरून? पुरातत्त्वज्ञाला या वाटा ठाऊक असतात, त्यामुळे त्याच्या वाचनात 'मुखिया असावा' हेच राहतं. समाजशास्त्राचा किंवा साहित्याचा वाचक मात्र 'मुखिया होता' असं घेऊन जातो आणि त्यावर आपला मजला चढवतो. मराठीने 'असावा' हे केवढं नेमकं क्रियापद दिलंय! एका शब्दात अंदाज आणि त्याची मर्यादा. शाखा ओलांडताना पहिला गळतो तो हाच शब्द.

तो टिकवता येतो का? येतो. एनसीईआरटीच्या २००६च्या सहावीच्या इतिहासात हेच दफन आहे. तिथे घर, कोठार, रांजण, बसवलेला देह, सगळं मांडून मुलांना विचारलंय: हा मुखिया होता असं तुम्हाला वाटतं का? कारणं द्या. अकरा वर्षांच्या मुलावर जो विश्वास टाकता येतो, तो मोठ्या वाचकावर का टाकू नये?

हे संस्कृती ओलांडतानाही लागू आहे. इरावती कर्व्यांचा वारीवरचा लेख घ्या. तुकोबांची पालखी यवत-वरवंडला मुक्कामी असते, तेव्हा दौंडकरांना वारी समजावून सांगायला नको. पण तोच लेख १९६२ मध्ये इंग्रजीत 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आला आणि वारी कधीच न पाहिलेल्यांनी वाचला. तो तिथेही उभा राहतो, कारण बाई स्वतः दिंडीत चालतात, आपण कुठून बघतोय हे लपवत नाहीत. भक्तीने भारावतात आणि ब्राह्मण-मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसतात, हेही टिपतात. वाचकाला त्यांचं डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनाला वाटलेलं वेगळं करता येतं.

सोपं लिहा, असा उपदेश आपण विद्वानांना नेहमी करतो. तो अपुरा आहे. सोपं लिहिताना पुरावा गाळला, तर वाचक फक्त मान डोलावणारा श्रोता उरतो. इनामगावच्या मातीतून निघालेलं ज्ञान इनामगावच्या माणसाला सांगायचं, तर निष्कर्षाबरोबर त्याची कारणंही त्याच्या हाती द्यायला हवीत. मग तो 'पटलं' म्हणेल किंवा 'नाही पटत' म्हणेल. ते दुसरं म्हणण्याची सोय ज्या लेखनात आहे, तेच लेखन वाचकापर्यंत पोचलं असं आम्ही मानतो.