झोपेसाठी डिजेरिडू

डिजेरिडूचं ‘ध्यानसंगीत’ ऐकताना खटकतो तो त्यातून गायब झालेला श्वास. अर्नहेम लँडच्या योल्ङू लोकांचं यिडाकी म्हणजे वाळवीने पोखरलेलं निलगिरीचं खोड. ते गाण्याला आणि बिल्मा या टिपऱ्यांना साथ करतं, तालात गुरगुरतं, मध्येच भुंकतं. या ध्वनिमुद्रणांनी त्याला घुमाऱ्यात भिजवून तंबोरा करून टाकलं आहे. (तंबोराही जुळवावा लागतो, ते सोडा.) गालांत हवा साठवून नाकाने श्वास घ्यायचा, सूर तुटू द्यायचा नाही, ही मेहनतच पुसली जाते. २००६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या स्विस प्रयोगात झोपेतल्या श्वासरोधावर उतार पडला, तो चार महिने डिजेरिडू वाजवणाऱ्यांना. नुसते ऐकणारे त्यात नव्हतेच.